पाच पूर्णांक आठ टक्के: बडोद्याहून प्रकल्प नोंदी

पीएचडी संगणक आणि माहितीशास्त्रात. विषय: मोडी हस्तलिखितांचं यंत्राने वाचन. सामग्री: बडोद्यातल्या चार जुन्या मराठी घरांतले चार रुमाल, म्हणजे फडक्यात बांधून ठेवलेले कागदांचे गठ्ठे. वहीतल्या नोंदी आहेत तशा उतरवल्या आहेत. फक्त नावं काढली आहेत आणि शिव्या.

८ जुलै २०२४, सोमवार

लेबलं, म्हणजे प्रत्येक ओळीत काय लिहिलंय त्याचा टाइप केलेला मजकूर, बाळबोधात (देवनागरीत) ठेवायची की मोडीच्या युनिकोडमध्ये, हा घोळ आज मिटवला. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली, ७.० आवृत्तीत जागा मिळाली. फॉन्टही आहे. पण आप्पा टाइप करतात बाळबोधात, आणि लॅबमधली निम्मी टूल्स मोडीचं अक्षर आलं की नुसते चौकोन दाखवतात. बाळबोध ठरलं.

लगेच दुसरी अडचण. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही. वेलांटी एकच, दुसरी. उकार एकच, पहिला. कागदावर 'वीनंती' असतं आणि आप्पांची बोटं सवयीने 'विनंती' टाइप करतात. मग जे चित्रातच नाही ते मॉडेलने ओळखायचं कुठून? सरांशी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांशी, बोलून ठरवलं की लेबलांमध्ये सगळ्या वेलांट्या दुसऱ्या, सगळे उकार पहिले. चार ओळींची स्क्रिप्ट. निकाल आप्पांना दाखवला तर म्हणाले, "अगं, हे वाचून आमचे मराठीचे मास्तर चितेवरून उठतील."

(आप्पा म्हणजे बाबांचे मित्र, निवृत्त हेडक्लार्क. मोडी त्यांच्या आजोबांकडून शिकले. दांडिया बाजारात आमच्या वाड्यापासून तिसरं घर. मानधन घेत नाहीत, चहा दोनदा घेतात.)

१९ जुलै

ओळी कापण्याचं काम अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. मोडी लिहिणारा आधी पानभर शिरोरेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. त्यामुळे शब्द कुठे सुटला ते कळत नाही, पण ओळ कुठे आहे ते आडव्या बेरजेत, म्हणजे आडव्या पट्टीत किती शाई आहे ते मोजलं की, लख्ख दिसतं. रेघ उजवीकडे चढत जाते तिथे पान थोडं फिरवून घ्यावं लागतं, बस.

शाई मात्र छळते. शाई कुठली आणि कागद कुठला हे ठरवायला ओत्सूची १९७९ ची पद्धत अख्ख्या पानाला काळेपणाचा एकच उंबरठा लावते. पाठच्या बाजूची शाई जिथे उमटली आहे तिथे दोन्ही पानं एकमेकांत मिसळून जातात. सौवोलाच्या पद्धतीने बरं काम केलं, कारण ती पद्धत आजूबाजूचं बघून जागच्या जागी ठरवते.

एकूण २,३६० ओळी. पहिल्या रुमालाच्या १,६१०, दुसऱ्याच्या ३९०, तिसऱ्याच्या २४०, चौथ्याच्या १२०.

२ ऑगस्ट

मॉडेल: चित्रातले आकार ओळखणारं सीएनएन, वर ओळ दोन्ही दिशांनी वाचणारं एलएसटीएम, शेवटी सीटीसी. नवीन काहीच नाही. सीटीसी २००६ चं, एलएसटीएम १९९७ चं. सीटीसीमुळे एवढंच सुख की कुठलं अक्षर चित्रात नेमकं कुठे आहे ते हाताने दाखवावं लागत नाही. ओळीचं चित्र द्या, ओळीचा मजकूर द्या, मधली जुळणी ते स्वतः करतं.

अक्षरचूक, म्हणजे दर शंभर चिन्हांमागे किती चुका, ७.१ टक्के. चुका एकेक करून बघायला बसले तर काही ओळींत मॉडेलचं उत्तर आणि आप्पांचं लेबल डोळ्याला तंतोतंत सारखं, आणि तरी चूक धरलेली. 'दुसऱ्या' विरुद्ध 'दुसऱ्या'. अर्धा तास वेड लागायची पाळी. शेवटी दोन्हींचे कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे युनिकोड क्रमांक, छापले. अर्ध्या भागात आप्पांच्या कीबोर्डने ऱ्या असा लिहिला होता: नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. बाकीच्यात माझ्या फोनने: साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक, य. पडद्यावर एकच, यंत्राला दोन. मग सगळंच उकरलं. दंडाच्या जागी कुठे कुठे पाइपचं चिन्ह, पहिल्या रुमालातल्या हिशेबांत काही पानांवर देवनागरी आकडे तर काहींवर इंग्रजी. सगळं एका वळणावर आणल्यावर, मॉडेलला हातही न लावता, ५.८.

९ ऑगस्ट

५.८ चा पेपर परिषदेला पाठवला. लॅबला सेव-उसळ. बिल माझं.

एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती, म्हणून इथे लिहून ठेवते. जूनमध्ये पन्नास ओळी आप्पांनी आणि रावपुऱ्यातल्या एका मावशींनी वेगवेगळ्या लिप्यंतरित केल्या होत्या. दोघांत फरक आला ३.९ टक्के. चाळीस-चाळीस वर्षं मोडी वाचणारी दोन माणसं ३.९ ने वेगळी, आणि माझं चार आठवड्यांचं मॉडेल ५.८ वर. मी याला यश म्हटलं.

(हा दुसरा परिच्छेद सप्टेंबरमध्ये लिहिला आहे. ९ ऑगस्टला फक्त सेव-उसळ होती.)

२९ ऑगस्ट

विश्वामित्री नदी परवापासून शहरात आहे. आमच्या गल्लीत पाणी नाही, पण वीज नाही. कमाटीबागेकडचा रस्ता बंद. फोनवर सगळ्यांचे मगरींचे व्हिडिओ फिरतायत. लॅबचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर, त्यामुळे निर्धास्त होते. डेटाची एक प्रत घरी, एक क्लाउडवर.

दुपारी फोन आला. तिसरा रुमाल ज्यांच्या घरचा, त्यांच्या तळमजल्यावर कमरेइतकं पाणी. पेटी खालीच होती.

३ सप्टेंबर

सकाळपासून त्यांच्या वरच्या मजल्यावर. काजळाची शाई पाण्याने फिकी पडत नाही, पण तिला धरून ठेवणारा गोंद सुटतो आणि बोट लागलं की अक्षर पसरतं. म्हणून हात न लावता, पान सुटत नसेल तर ओढायचं नाही, उन्हात तर मुळीच नाही. टीपकागदावर पसरायचं, पंखा भिंतीकडे तोंड करून. घरातल्या आजींनी इस्त्री आणली होती, त्यांना कसंबसं थांबवलं.

गठ्ठ्याच्या आतली अकरा पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली आहेत. ती तशीच ठेवली.

या रुमालाचे फोटो मी एप्रिलमध्ये काढले होते. मोबाइलने, संध्याकाळी, घाईत, कारण "फक्त २४० ओळी आहेत". काही पानांवर माझ्याच डोक्याची सावली आहे. त्या अकरा पानांचं आता तेवढंच उरलं आहे.

१४ सप्टेंबर, शनिवार

आमच्याकडे गणपती. आरतीला आप्पा आले. टेबलावर टेस्टच्या, म्हणजे मॉडेलला शिकवताना बाजूला ठेवलेल्या, ओळींचे प्रिंट पडले होते, मॉडेलचं उत्तर खाली, चुका लाल. आरतीला वेळ होता म्हणून त्यांनी चष्मा लावला. मला वाटलं चुका बघतायत. सात-आठ कागद उलटले आणि म्हणाले,

"हे सगळं एकाच हातचं आहे की गं."

मी म्हटलं नाही आप्पा, चार घरांचं आहे, मिसळून घेतलंय.

"घरं चार असतील. हात एकच. हा बघ, ओळ संपली की रेघ खाली ओढून आत वळवतो. हा पण तोच. हा पण. याच्या बोरूचं टोक डावीकडून झिजलंय, जाड-बारीक उलटं पडतं. चांगला कारकून आहे, घाईतला नाही."

तीस कागदांतले सव्वीस त्यांनी बाजूला काढले. ओळ क्रमांक तपासले. सगळे पहिल्या रुमालाचे.

प्रसाद कसा वाटला आठवत नाही.

१६ सप्टेंबर

काय झालं ते सरळ लिहिते. मी २,३६० ओळी एकत्र करून यादृच्छिकपणे दहा टक्के टेस्टला काढल्या. पहिला रुमाल दोनतृतीयांशांहून जास्त, आणि त्यातला बहुतेक एकाच कारकुनाचा. म्हणजे त्याच पानावरची सातवी ओळ ट्रेनिंगमध्ये आणि आठवी टेस्टमध्ये. तोच बोरू, तीच शाई, कित्येकदा तेच वाक्य. पाठ केलेल्या पुस्तकातून परीक्षा घेतल्यासारखं. कोर्सवर्कमध्ये या चुकीवर मी स्वतः सेमिनार दिला होता, वैद्यकीय चित्रांचं उदाहरण घेऊन. एकाच पेशंटची चित्रं दोन्हीकडे जाऊ नयेत. इथे पेशंट म्हणजे कारकून, हे डोक्यात आलं नाही.

रात्री नवा रन. ट्रेनिंगला रुमाल एक, दोन, चार. टेस्टला तिसरा, अख्खा. अक्षरचूक ३१.६.

चुका वाचणं हे आकड्याहून वाईट होतं. तिसऱ्या रुमालातल्या एका पत्राच्या शेवटी बैलांच्या किमतीबद्दल एक ओळ आहे. मॉडेलने तिथे स्वच्छ अक्षरात वाचलं: 'लोभ असो दीजे हे वीनंती'. पहिल्या रुमालातली पत्रं याच शब्दांनी संपतात, म्हणून पत्राचा शेवट दिसला की ते हेच म्हणतं. बघायचंसुद्धा नाही. मायने आणि शेवट वगळून पुन्हा मोजलं तर जुन्या टेस्टवरही ५.८ चे ९.४ झाले. म्हणजे यशातला बराच वाटा पाठांतराचा होता, आणि तो मायन्यांतून येत होता.

१८ सप्टेंबर

सरांना सांगितलं. वाटलं होतं रागावतील. दोन मिनिटं खिडकीबाहेर बघत बसले, मग म्हणाले, "चालो, हवे थीसिस शरू थई." (चला, आता थीसिस सुरू झाला.) त्यांच्या गुजरातीत कौतुक आणि शिक्षा यांचा सूर एकच असतो.

पेपर मागे घेतला. परिषदेच्या पोर्टलवर मागे घेण्याचं कारण लिहायला पाचशे अक्षरांचा चौकोन आहे. मी दोन वाक्यं लिहिली. एका सहकाऱ्याने सुचवलं होतं की मागे कशाला घेतेस, रिव्ह्यूत कुणाला कळणार नाही, छापून आल्यावर पुढच्या पेपरात 'अधिक कठीण चाचणी' म्हणून ३१ दे. सगळे करतात. असतीलही. पण उद्या प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढेल, आणि एखादी मुलगी तो ५.८ उचलून स्वतःच्या तक्त्यात घालेल आणि तिचे २५ बघून रडेल. रिसर्च एथिक्सच्या दोन क्रेडिटांत हे उदाहरण नव्हतं.

८ ऑक्टोबर

नवरात्र. रात्री बारापर्यंत गरब्याचे स्पीकर, त्यामुळे काम दुपारी.

आप्पा आणि मावशी आता लिप्यंतर नाही, हात ओळखतायत. प्रत्येक ओळीला लिहिणाऱ्याचा क्रमांक. दोघं वेगळे बसून, एकमेकांचं न बघता. पहिल्या तीनशे ओळींवर कोहेनचा कप्पा (दोघांचं किती जुळलं याचं माप, १ म्हणजे पूर्ण) ०.८१. निव्वळ योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं वजा करून हा आकडा येतो. चांगला आहे. जिथे जुळलं नाही तिथे मावशींचं म्हणणं असं की एकच माणूस सकाळी आणि रात्री दिव्यात वेगळं लिहितो. आप्पांचं म्हणणं, दोन भाऊ. मी 'अनिश्चित' असा खाना केला.

एकूण नऊ हात निघाले. मी ज्याला चार रुमाल म्हणत होते त्यात चार कारकून नव्हते. दुसऱ्या रुमालात तिघे, तिसऱ्यात चौघे (त्यातला एक टाकाने लिहिणारा, बराच नंतरचा), चौथ्यात एक. आणि पहिल्यात एकच: १,६१० च्या १,६१० ओळी. आप्पांच्या भाषेत, 'घाईतला नाही' तो.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा पहिला दिवस. तारखांवर काम.

जुन्या पत्रांत साल शुहूर सनात, आणि तेही अरबी शब्दांत. 'सलास अशर मयातैन व अलफ': तीन, दहा, दोनशे, हजार, म्हणजे १२१३. त्यात ५९९ मिळवले की इसवी १८१२, मृगापासून पुढचं वर्ष. शब्दसंग्रह ठरलेला, तीस-बत्तीस शब्दांचा, त्यामुळे चूक पकडायला बरा.

दुसऱ्या रुमालातल्या एका पत्रावर मॉडेलने 'सलास'च्या जागी 'समान' वाचलं. चार चिन्हांपैकी दोन चुकली. अक्षरचुकीच्या हिशेबात ही दोन चिन्हं कुठल्याही दोन चिन्हांइतकीच. पण तीनाचे आठ झाले आणि पत्र १८१२ चं १८१७ ला गेलं. इतिहास वाचणाऱ्याला हे पत्र आता चुकीच्या गठ्ठ्यात सापडेल, किंवा सापडणारच नाही.

प्रबंधात एक प्रकरण वाढवायचं: तारखा, रकमा आणि नावं यांची चूक वेगळी मोजायची.

२० डिसेंबर

सल्लागार समितीपुढे सहामाही सादरीकरण. मोडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक विनोद ऐकावा लागतो, म्हणून मीच तिसऱ्या स्लाइडवर टाकला होता: ध चा मा. तरी बाहेरून आलेल्या सदस्यांनी पहिल्या स्लाइडलाच केला.

मग त्यांनीच विचारलं, की तुमच्या मापाने ती चूक किती टक्के? फळ्यावर करून दाखवलं. 'धरावे' म्हणजे ध, र, काना, व, मात्रा: पाच चिन्हं. 'मारावे' करायला एक बदल आणि एका कान्याची भर, दोन चुका. पाचात दोन, ४० टक्के. अक्षरांनी मोजा: ध, रा, वे, तीनात एक, ३३ टक्के. शब्दाने मोजा, १०० टक्के. पण ते पूर्ण पत्र दोनशे चिन्हांचं धरलं तर एक टक्का. अशा मॉडेलचं मी ऑगस्टमध्ये सेव-उसळ वाटून स्वागत केलं असतं.

समितीने 'समाधानकारक' लिहिलं. ५.८ का गेला यावर वीस मिनिटं गेली, ३१.६ कसा कमी करणार यावर पाच.

९ जानेवारी २०२५

गुजरात सरकारच्या 'शोध' या पीएचडी शिष्यवृत्तीची दोन वर्षं संपली, महिना १५,००० बंद. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर डेटा स्ट्रक्चर शिकवायला सुरुवात.

आईने जेवताना विचारलं, नियमाने कधी संपतं? यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि बायकांना त्याच्यावर दोन. आईला तीनपर्यंतच सांगितलं.

१४ जानेवारी

उत्तरायण. गच्ची. काम शून्य.

६ फेब्रुवारी

ट्रेनिंगमध्ये आता पहिल्या कारकुनाच्या सगळ्या ओळी घालत नाही, फक्त ४००. निवडायला जीव तुटला, पण त्यामुळेच बाकीचे हात ऐकू यायला लागले. वर शिरोरेघेचा कल, रेघेची जाडी, पाठची शाई हे सगळं कृत्रिमपणे बदलून ओळी वाढवल्या. दर वेळी एक हात पूर्ण बाहेर ठेवायचा, नऊ रन, नवांची सरासरी. लॅबच्या बारा जीबीच्या कार्डावर एक रन सहा तास, त्यामुळे मधले दोन दिवस इतरांच्या शिव्या.

सरासरी २२.४. सर्वांत वाईट टाकाने लिहिणारा, ३५.

तिसऱ्या रुमालाची सुकलेली पानं त्या घरी जाऊन पुन्हा काढली. या वेळी दिवसा, दोन्ही बाजूंनी उजेड, कॅमेरा स्टँडवर. ती चिकटलेली अकरा पानं अजून तशीच. आजी म्हणाल्या, इस्त्री केली असती तर सुटली असती. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडलं आहे.

१३ फेब्रुवारी

यूजीसीने केअरची यादी, म्हणजे मान्यताप्राप्त संशोधन-नियतकालिकांची यादी, बंद केली. लॅबमध्ये दिवसभर तेवढंच. ज्यांचे पेपर यादीतल्या नियतकालिकांत होते ते खिन्न, ज्यांचे नव्हते ते तत्त्वज्ञ.

१ मार्च

आप्पा सकाळीच आले, हातात बोरू आणि दौत. माळ्यावर सापडली म्हणे. "नऊ हात झाले ना तुझे? दहावा माझा घे." हिशेबाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर त्यांनी आधी रेघ ओढली, एका दमात, पान संपेपर्यंत. मग लिहायला लागले. बारा ओळी, मजकूर आमच्या वाड्याच्या भाड्याबद्दल, पूर्ण काल्पनिक आणि मला वाटतं थोडा खरा.

स्कॅन करून चालवलं. २९ टक्के.

आप्पांचा चेहरा पडला. "इतकं वाईट आहे माझं अक्षर?" म्हटलं, आप्पा, त्याने तुम्हाला आधी कधी पाहिलेलं नाही. ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर पुन्हा पान ओढलं आणि त्याच बारा ओळी परत लिहिल्या. या वेळी सावकाश, अक्षर अक्षर सुटं, शाळेतल्या कित्त्यासारखं, प्रत्येक र नीट फोडून. ११ टक्के. "बघ," म्हणाले.

पहिलं पान 'हात १०' म्हणून मोजणीत घेतलं. दुसरं पान वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं आहे, मोजणीत नाही. लिहिणाऱ्याला माहीत होतं की वाचणारा कोण आहे.